बेरजेत न धरलेलं मत

बॉन, ५ मार्च २०१७

म्हणजे आता मला मतही नाही. वाडीच्या कमिटीची वर्गणी मी भरतो, विहारावरच्या पत्र्यांना पैसे मी दिले, घर क्रमांक सतरा माझ्या नावावर आहे, आणि तुम्ही नोटीस काढता की परगावी राहणाऱ्याचं मत यापुढे धरू नये असा ठराव बुद्धपौर्णिमेच्या मीटिंगला येणार. बहीण म्हणून क्रांतीनं तरी फोटो पाठवला. अक्षर तुमचंच आहे, बाबा. खाली 'आपला नम्र, दादाराव खिल्लारे, सचिव'. मुलाचं मत काढताना माणूस इतका नम्र कसा होतो?

फोन लावला तर तुम्ही घेत नाही. क्रांतीजवळ निरोप देता, 'त्याला म्हणा लेखी दे, तोंडी चालणार नाही.' तर हे घ्या लेखी. आवक रजिस्टरला नंबर टाका, शिक्का मारा, फाइलला लावा. आठवीतून शाळा सोडलेल्याचं पत्र आहे, चुका लाल पेनानं दुरुस्त करा. जयभीम शेवटी लिहितो, आधी भांडून घेतो.

मी गप्प बसलो असतो, पण माझ्याकडे दुसरं मतच नाही. इथं जर्मनीत मला कसलंच मत नाही. आमच्या हॉटेलात भांडी धुणारा पोलंडचा माणूस नगरपालिकेला मत देतो, कारण त्यांचे देश एकमेकांत आहेत. मी नाही. भारतात यादीत नाव आहे, पण बटण दाबायला जातीनं हजर पाहिजे, आणि शेठ मला दोन दिवस ताप आला तरी सुट्टी देत नाहीत. उरलं वाडीचं एक, पस्तीस घरांतलं एक. तेवढंही तुमच्या डोळ्यांत खुपलं.

मी ज्या घराच्या माळ्यावर राहतो त्या घराच्या मालकीणबाई फ्राऊ ब्रेमर. वय त्र्याऐंशी. पूर्वी पश्चिम जर्मनीची राजधानी इथं बॉनला होती, तेव्हा त्या इथल्या संसदेत टायपिस्ट होत्या. दर रविवारी मी त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट तळघरातून वर आणून देतो, मग त्या कॉफी देतात आणि हळूहळू बोलतात, मला समजेल असं. मी तुमच्या नोटिशीचं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, हे तर आमच्याकडे झालेलं आहे.

राजधानी बॉनला असली तरी मनातली राजधानी बर्लिनच होती म्हणे. पण बर्लिनवर लढाई जिंकलेल्या देशांचा ताबा. पश्चिम बर्लिनचे बावीस खासदार बॉनला यायचे. बसायचे, बोलायचे, कमिट्यांत काम करायचे. आणि कायदा पास करायची वेळ आली की त्यांची मतं वेगळी मोजायची. मोजायची, कागदावर लिहायची, आणि बेरजेत धरायची नाहीत. 'मी वर्षानुवर्षं दोन आकडे टाइप केले,' त्या म्हणाल्या. 'एक खरा, एक बर्लिनचा.'

मी त्यांना म्हटलं, गेनाऊ, मी बर्लिन आहे. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. त्यांनी कप उचलून नेले.

तर सचिवसाहेब, एका ओळीत कळवा, माझा गुन्हा काय. इकडे येताना माझं मत मंडपवाल्या प्रतापच्या, वाडीतल्या तुमच्या विरोधकाच्या हाती दिलं, एवढाच ना? नियम नऊप्रमाणे दिलं, सही करून. तुम्ही दीड वर्ष माझ्याशी बोलत नव्हता, कारण मी त्याच्या मंडपाचे बांबू उचलत होतो. मग कोणाच्या हाती देणार होतो?

इथं सगळं ठीक आहे. काम ठीक, शेठ ठीक. गेल्या वर्षी माझं मत कोणत्या ठरावाला कसं पडलं ते मात्र मला विचारू नका. मी किचनमध्ये होतो.

जयभीम.
जीवन


बॉन, ३० मार्च २०१७

बाबा, जयभीम.

उत्तर पोचलं. जावक क्रमांक अकरा, चार ओळी. 'गतवर्षीच्या ठराव क्रमांक चारला बाजूने सतरा व विरोधात अठरा मते पडली. घर क्रमांक सतराचे मत विरोधात होते. सदर मत आपण विचारपूर्वक दिले काय, ते लेखी कळवावे.' थंडी गेली का, पोरगा जेवतो का, एक अक्षर नाही. पाकिटाला तिकिटं मात्र गरजेपेक्षा दहा रुपयांची जास्त लावलीत. मी मोजली.

विचारू नका म्हटलं होतं, तेच विचारलंत.

ठराव चार मला पाठ आहे. एकट्या बाईचं घर हे घर धरावं आणि तिला मत असावं. वाडीत अशा तिघी. अंजनाआजी, सुरेखाकाकू, आणि नवऱ्याला सोडून आल्यापासून माझ्या दोन खोल्यांत राहणारी आपली क्रांती. तिघी विहार झाडतात. क्रांती विहाराच्या मागच्या खोलीत पोरांची अभ्यासिका चालवते. तिघी मीटिंगला बसतात, बोलतातही, फक्त हात वर करता येत नाही. हे सगळं मला माहीत आहे, शिकवू नका.

पण मला हे सांगा, ती अट घातली कोणी? एक्याण्णव साली दोनशे पानी वहीत कमिटीचे नियम लिहिले, तुम्ही त्यांना घटना म्हणता, त्यात 'घर म्हणजे जिथे कर्ता पुरुष राहतो ते' हे कोणाच्या अक्षरात आहे? क्रांती तेव्हा वर्षाची असेल, तिथंच झोळीत झोपलेली असेल. दर रविवारी पोरांकडून संविधानाची उद्देशिका पाठ करून घेणारा माणूस, आणि स्वतःच्या वहीत हे लिहितो. मी तर आठवी. माझ्याकडून कोणाला काय अपेक्षा होती?

आणि माझं मत काढून तुमचा ठराव पास होणार नाही. हिशोब करा. अठराचे सतरा होतील. सतरा-सतरा झाले की ठराव पडतो. नियम बारा, तोही तुमचाच.

काल प्रतापचा फोन आला होता. त्याला अभ्यासिकेची खोली मंडपाचं सामान ठेवायला पाहिजे, भाड्यानं. तिघींना मत मिळालं तर खोली त्याला जन्मात मिळत नाही, ते त्याला पक्कं ठाऊक. म्हणाला, 'काहून टेन्शन घेतं बे? तुझं पत्र आहे न माझ्यापाशी. मी बराबर हात वर करतो.' मग म्हणाला, 'जूनमध्ये तुझं व्हिसाचं आहे म्हणे. शशिकांतभाऊशी बोललो मी.' आणि हसला. शशिकांतशेठ, ज्यांच्या हॉटेलात मी आहे, ते त्याचे साडू, हे तुम्हाला माहीतच आहे.

तसं काही नाही. सहज बोलला असेल. सहा जूनला परदेशी लोकांच्या ऑफिसात माझा टर्मिन आहे, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, तिथं शेठनी नोकरीचा कागद दिला की परवाना वाढतो. दिला नाही तर नाही वाढत. काल डाळीत मी दोनदा मीठ घातलं, शेठ म्हणाले, 'काय रे, प्रेमात पडलास का?'

विचारपूर्वक दिले काय, याचं उत्तर : ते मला आठवत नाही. लेखी कळवलं.

जीवन


बॉन, १५ एप्रिल २०१७

बाबा, जयभीम, आणि काल झालेल्या जयंतीच्या शुभेच्छा. वाडीत मिरवणूक कशी झाली? निळे झेंडे मी इथून क्रांतीच्या व्हिडिओत पाहिले. तुम्ही एकदाच दिसलात, पाठमोरे, कोणाला तरी रांगेत उभं करताना.

काल इथं त्यांचा गुड फ्रायडे होता. सगळं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. सुयशदादा कोथिंबीर आणायचं विसरले होते, मग बॉनभर कोथिंबीर नाही. सुयशदादा म्हणजे नागपूरचे, इथं इंजिनीअर आहेत, दरवर्षी जयंतीला त्यांच्या घरी आपले पंधरावीस लोक जमतात. त्रिशरण, पंचशील, मग जेवण. जेवण माझ्याकडे असतं. दुपारी हॉटेल अडीच ते साडेपाच बंद, तेवढ्यात मी जाऊन आलो. फ्राऊ ब्रेमरना घेऊन गेलो होतो. त्यांनी केक आणला आणि फोटोपुढे ठेवायचा की टेबलावर, ते मला तीनदा विचारलं.

सगळे गेल्यावर आम्ही तिघं उरलो. सुयशदादांनी माझं रडगाणं ऐकलेलं होतं. ते म्हणाले, 'अरे, अमेरिकेतही हेच आहे. मी ऑफिसच्या कामानं वॉशिंग्टनला गेलो होतो, राजधानी त्यांची. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं, आम्ही कर भरतो पण आमचा प्रतिनिधी नाही.' त्यांच्या घटनेत म्हणे असं आहे, की प्रतिनिधी राज्यांतले लोक निवडतील. राजधानी कुठल्या राज्यात नाही. म्हणून तिथल्या माणसाचा एक जण सभागृहात बसतो, बोलतो, कमिटीत मत देतो, आणि शेवटच्या मतदानाला नुसता बघतो. लोक कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, अन्याय दिसतो, पण घटनेत जे लिहिलंय ते आम्ही बदलू शकत नाही, ते बदलायचं तर ज्यांना मत आहे त्यांनीच बदलायला पाहिजे.

'म्हणजे ज्यांच्याकडे आहे त्यांनीच द्यायचं,' मी म्हटलं.

'आल्झो, म्हणजे तिथंच तर घोडं अडतं,' सुयशदादा म्हणाले. 'एका बाजूचे म्हणतात, राजधानी सगळ्या देशाची, तिला वेगळं मत कशाला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, तिथं माणसं राहतात की नाही? बायकापोरं, नळ, शाळा? आपल्या दिल्लीलाही कित्येक वर्षं विधानसभा नव्हती.'

मी जोरात म्हटलं, 'बस, तेच माझं. वर्गणी माझी, घर माझं, मत नाही. मी बर्लिन, मी वॉशिंग्टन.' हे जर्मनमध्ये म्हटलं, फ्राऊ ब्रेमरना कळावं म्हणून. सुयशदादा हसले.

फ्राऊ ब्रेमर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, 'हेर किलारे,' त्यांना ख म्हणता येत नाही, 'त्या घरात झोपतं कोण?'

'बहीण.'

'पाणी कोण भरतं? छप्पर गळलं तर कोण चढतं?'

'बहीण.'

'आणि तिला मत आहे?'

'नाही.'

'का?'

मी सांगायला लागलो, ते एक्याण्णव सालचं, वहीचं. त्यांनी हात वर केला. 'ते नाही. गेल्या वर्षी का नाही मिळालं?'

सुयशदादा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, 'एका मतानं पडलं.'

'कोणाच्या?'

बाबा, मी ताटं गोळा करायला उठलो. त्यांनी माझा शर्ट धरला, म्हातारीच्या हाताला इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाल्या, 'मग बर्लिन ती आहे. तू नाहीस. लांब बसून, एक कागद देऊन, तिथं राहणाऱ्यांचं मत अडवून ठेवणारे होते ना, ते तू आहेस.' मग त्या सांगत बसल्या. बर्लिनचं मत अडवलं ते एका पत्रानं, एकोणपन्नास साली, आणि सोडलं तेही एका पत्रानं, नव्वद साली. दोन कागदांच्या मधे त्यांच्या बहिणीचं आयुष्य गेलं. ती बर्लिनला वेडिंग भागात राहायची, शिवणकाम करायची. एकसष्टाव्या वर्षी देशाच्या संसदेसाठी पहिल्यांदा मत दिलं, चांगला कोट घालून. त्या दिवशी तिनं बॉनला फोन केला आणि एवढंच म्हणाली, 'टाकलं पेटीत.' आणि ठेवला.

सुयशदादा मला दारापर्यंत सोडायला आले. जिन्यात म्हणाले, 'जीवन, तू विचार करून सांगितलं होतंस का प्रतापला?' तुमचाच प्रश्न, फक्त शिक्का नव्हता.

तर आता लेखी देतो. मागच्या पत्रात आठवत नाही लिहिलं ते खोटं आहे. सगळं आठवतं. दुपारची गर्दी होती, तंदूरमध्ये माझा हात होता, फोन कानाला खांद्यानं धरलेला. प्रताप म्हणाला, 'क्रांतीचा ठराव आलाय. तुझं काय करू?' आणि मी म्हटलं, 'पाडून टाक.' त्यानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदाही मी तेच म्हटलं.

का, तेही लिहितो. त्याच्या आठ दिवस आधी तुम्ही दीड वर्षानं पहिल्यांदा फोनवर आला होता, आठवतं? मला वाटलं, बाबा आता काहीतरी बोलतील. तुम्ही म्हणालात, 'घर क्रांतीनं उभं ठेवलं. तू नुसता पैसे पाठवतोस.' नुसता. मी इथं चौदा तास उभा राहतो, पायाच्या शिरा निळ्या झाल्यात. तुमच्यावरचा राग मी तिच्यावर काढला, तिच्या पाठीमागे, दुसऱ्याच्या हातानं. आणि तिनं अजून एका शब्दानं विचारलं नाही. व्हिडिओ पाठवते, पोरांच्या वह्यांचे फोटो पाठवते. तिला माहीत आहे ना, बाबा? सतरा नंबरचं मत कुठं पडलं ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक आहे, ते लिहू की नको असं चाललंय. लिहितो. मी इथं स्वयंपाकी म्हणून आलो, त्याला पाच वर्षांच्या अनुभवाचं सर्टिफिकेट लागतं. माझ्या सर्टिफिकेटवर ज्या हॉटेलचं नाव आहे, तिथं मी कधी चहासुद्धा प्यालो नाही. प्रतापनं आणून दिलं. स्वयंपाक मला येतो, लग्नांत पाचशे पाचशे पानांचा केलाय, पण कागद खोटा आहे. म्हणून तो हसला होता फोनवर. मत त्याच्याकडून काढून घेतलं तर त्यानं एक फोन करायचा, शेठना नाहीतर सरळ इथल्या ऑफिसला. मग सहा जूनचा टर्मिन माझा शेवटचा.

हे पत्र फाइलला लावू नका. नाहीतर लावा. मला कळत नाही.

पोस्ट मंगळवारपर्यंत बंद आहे, ईस्टर आहे. पौर्णिमा दहा मेला. हे लिहून झालं आणि मी कॅलेंडर समोर धरून बसलोय. पत्राला कधी बारा दिवस लागतात, कधी वीस.


मंगळवार, १८ एप्रिल

बाबा, हे त्याच पाकिटात घालतोय.

काल आणि परवा मी तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. आज सकाळी शेठना सांगितलं. वाटलं, प्रतापनं सांगण्यापेक्षा मी सांगावं. सर्टिफिकेटचं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की वाडीतलं माझं मत मी प्रतापकडून काढून घेतोय, तो चिडेल, तुम्हाला फोन करेल. शेठ कांदे निवडत होते. म्हणाले, 'तुमच्या वाडीचं मला काय करायचंय? कांदा चिरायला माणूस पाहिजे मला.' मग कांदा खाली ठेवला आणि म्हणाले, 'पण साडू आहे तो माझा. फोन येऊ दे, मग बघतो.' ते काय बघतील ते सांगता येत नाही. चांगला माणूस आहे, पण घरात त्यांचं चालत नाही.

सोबत दोन कागद आहेत. पहिल्यात प्रतापला दिलेलं पत्र मी रद्द केलंय. दुसऱ्यात नियम नऊप्रमाणे घर क्रमांक सतराचं मत यंदाच्या मीटिंगपुरतं क्रांतीच्या हाती दिलंय. नियमात 'सज्ञान व्यक्ती' लिहिलंय, तुम्ही तिथं पुरुष लिहायचं विसरलात, मी दहादा वाचून खात्री केली. साक्षीदार म्हणून फ्राऊ ब्रेमरची सही आहे, पत्त्यासकट. त्या म्हणाल्या, नोकरीभर दुसऱ्यांची मतं टाइप केली, एखाद्याच्या खाली सही आज पहिल्यांदा करतेय. चष्मा बदलून केली.

आता मोजा. अठरा-सतरा होतात, उलटे. प्रतापनं आणखी कोणाला फोडलं नाही तर. फोडेल तो. मीटिंगच्या आधी सुरेखाकाकूच्या दिराकडे जाऊन या, तो मागच्या वेळी कुंपणावर होता.

आणि परगावच्याचं मत न धरण्याचा तुमचा तो ठराव, तोही मांडा. माझ्या मताचा हात त्यालाही वर कर म्हणून क्रांतीला सांगतोय. वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू. त्यानंतर मला या पृथ्वीवर कुठंच हात वर करता येणार नाही. पण तिथं राहतं कोण, हा प्रश्न म्हातारीनं विचारला तेव्हापासून माझ्याकडे त्याचं एकच उत्तर आहे.

पाकीट आइनश्रायबन करतोय, म्हणजे रजिस्टर. कागदांचे फोटो क्रांतीच्या मोबाइलवर टाकलेत, पण मूळ कागद हातात आल्याशिवाय तुम्ही धरणार नाही, मला माहीत आहे. दहा तारखेपर्यंत पोचलं नाही तर एकदा, एकदाच, नियम वाकवाल का? नको. वाकवू नका. प्रताप तेच धरून बसेल, आणि मग तिचं मत पुन्हा वेगळं मोजतील.

मीटिंग झाली की मला मोठं पत्र नको. दोन आकडे लिहा, एक बाजूचा, एक विरोधातला. जमलं तर खाली थंडी गेली का विचारा. गेली आहे.

तिला सांगा, पाडून टाक असं मी म्हटलं होतं. मीच सांगायला पाहिजे, पण तुम्ही आधी सांगा, मग मी फोन करतो.

जयभीम.
जीवन

ता. क. घर क्रमांक सतराची यंदाची वर्गणी क्रांतीच्या खात्यावर टाकतोय. पावती ठरावाची वाट न पाहता आजच फाडा, 'क्रांती दादाराव खिल्लारे' या नावानं, पेनानं : रुपये सहाशे फक्त.